देवघरात देव किती व कोणते?

घरात देव असावेत याविषयी हिंदू गृहस्थाला सहसा संशय नसतो. संशय येतो तो कोणते असावेत, किती असावेत, केवढे असावेत आणि जे आहेत त्यांचे पुढे काय करावे, याविषयी. नवे घर होते, वडीलधारे माणूस जाते, भाऊ वेगळे होतात किंवा मुलीचे लग्न ठरते, तेव्हा हा प्रश्न हटकून पुढे येतो. अशा वेळी शेजारी एक सांगतो, दुकानदार दुसरे सांगतो, आणि श्रद्धावान मनुष्य भयभीत होतो. शास्त्राने मात्र हा विषय भयासाठी सांगितलेला नाही. तो सेवेच्या सोयीसाठी सांगितला आहे. हे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ गुंता आपोआप सुटतो.

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात (श्लोक ५) भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे की, देहधाऱ्याला अव्यक्ताची उपासना अधिक क्लेशाची होते. म्हणून डोळ्यांना दिसेल, हातांना स्पर्श करता येईल असे रूप साधकाला हवे असते. सातव्या अध्यायात (श्लोक २१) याहून मोठे आश्वासन आहे. भक्त ज्या ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्या त्या रूपाच्या ठिकाणी त्याची श्रद्धा स्वतः भगवंतच स्थिर करतात. नवव्या अध्यायात (श्लोक २६) पूजेचे साहित्यही त्यांनी सांगून ठेवले आहे: पान, फूल, फळ, पाणी. यात मूर्तीच्या संख्येचा उल्लेख नाही, मोलाचाही नाही. उल्लेख आहे तो भक्तीने अर्पण करण्याचा. अर्थात मूर्तीची निवड करताना पहिला प्रश्न ‘कोणती मूर्ती शुभ?’ हा नसून ‘या मूर्तीला आपल्या घरी रोज पान, फूल, पाणी मिळेल काय?’ हा होय.

एका घरचा प्रसंग

नोकरीनिमित्त भोपाळला स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात वृद्ध आई निवर्तली. तिचे दोन मुलगे तेथेच वेगवेगळ्या घरी राहत. आई थोरल्याकडे असे, आणि देवघरही त्याच्याकडेच होते. आईला रोजच्या पूजेला दोन तास लागत. ती गेल्यावर थोरल्या मुलाने देव मोजले, तेव्हा ते सव्वीस निघाले. गणपती पाच, अन्नपूर्णा तीन, बाळकृष्ण तीन, शिवलिंगे दोन, शाळिग्राम दोन, कुलदेवतांचे टाक चार, विठ्ठल-रुक्मिणीची जोडी, एक दत्तमूर्ती, एक मारुती आणि पुरीहून आणलेली जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा अशी तीन काष्ठमूर्तींची त्रयी. यांखेरीज शंख दोन होते.

हे इतके देव कोणी हौसेने जमविले नव्हते. महाराष्ट्रात पुष्कळ घरी लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देण्याची चाल आहे. आजेसासूबाई आल्या, सासूबाई आल्या, सूनबाई आल्या, आणि तीन पिढ्यांत तीन अन्नपूर्णा व तीन बाळकृष्ण झाले. गणपती वास्तुशांतीला भेट म्हणून आले. लिंग कोणी काशीयात्रेत घेतले, शाळिग्राम कोणी आप्ताने दिला. प्रत्येक मूर्तीमागे एक आठवण होती, म्हणून एकही मूर्ती कधी बाहेर गेली नाही.

मुलगा व सूनबाई दोघेही नोकरी करणारी. सकाळी पंधरा मिनिटांत सव्वीस देव ताम्हनात घालावयाचे, एकदम पाणी ओतावयाचे, घाईने पुसून ठेवावयाचे, आणि एखाद्या दिवशी तेही नाही. मग दिवसभर मनाला रुखरुख. त्यातच कोणी सांगितले की, घरात तीन अन्नपूर्णा असणे घातक. दुसऱ्याने सांगितले की, मूर्ती घराबाहेर काढली तर देव कोपतो. धाकट्या भावाने आईचा चांदीचा बाळकृष्ण मागितला, आणि त्यावरून दोन भावांत अबोला पडला. अखेर थोरल्याने कुटुंबाच्या वृद्ध उपाध्यायांना बोलाविले. “गुरुजी, आमच्या हातून अपराध होतो आहे. काय करावे ते सांगा,” असे तो म्हणाला. गुरुजींनी शांतपणे विचारले, “आधी हे सांगा, रोज पूजेला तुम्हांला खरोखर किती वेळ मिळतो?” पुढचा सारा निर्णय या एका प्रश्नावर उभा राहिला. तो समजण्यासाठी शास्त्र काय सांगते ते आधी पाहू.

प्रतिमेचे आठ प्रकार

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात श्रीकृष्णांनी उद्धवाला पूजाविधी सांगितला आहे. तेथे प्रतिमा आठ प्रकारची म्हटली आहे: पाषाणाची, लाकडाची, धातूची, माती-चंदनादिकांच्या लेपाची, चित्रित, वाळूची, रत्नाची आणि मनोमयी. मनात कल्पिलेली मूर्तीही येथे धातूच्या मूर्तीच्या पंक्तीला बसविली आहे, हे विसरू नये. ज्याच्याजवळ काहीच नाही, प्रवासात किंवा रुग्णशय्येवर जो आहे, त्याचीही पूजा अडत नाही.

त्याच ठिकाणी उपचारांचा भेदही सांगितला आहे. ज्या मूर्तीला पाणी सोसते तिला स्नान घालावे. लेपाच्या किंवा चित्राच्या मूर्तीला नुसते पुसून घ्यावे. यावरून गृहस्थाने एक व्यवहार शिकावा. रोज अभिषेक करावयाचा असेल तर पितळ, तांबे, चांदी, पंचधातू यांची मूर्ती किंवा शाळिग्राम व बाणलिंग उत्तम. रोज अभिषेक होणार नसेल तर चौकटीतील चित्रही पूर्ण प्रतिमाच आहे, तिच्यात उणेपणा नाही. गुजरात-राजस्थानातील पुष्टिमार्गी वैष्णवांच्या घरी श्रीनाथजींच्या चित्राची सेवा मोठ्या प्रेमाने होते. बंगालमध्ये कोजागरीला मातीच्या रंगविलेल्या झाकणीवर, म्हणजे ‘सरा’वर, लक्ष्मी पूजिली जाते. ओडिशात जगन्नाथ काष्ठरूपानेच आहेत. द्रव्य वेगळे, भाव एक.

आकार किती असावा?

घरातील मूर्तीचे मान मत्स्यपुराणात दिले आहे. अंगठ्याच्या एका पेरापासून वीतभर उंचीपर्यंतची मूर्ती घरात असावी, त्याहून मोठी मंदिरात शोभते. वीत म्हणजे बारा अंगुळे, सुमारे नऊ इंच.

या नियमामागचा हेतू सहज कळण्यासारखा आहे. मोठ्या मूर्तीला मोठी सेवा लागते. मंदिरात काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचे उपचार करावयास नेमलेले पुजारी असतात, नैवेद्याची व्यवस्था असते, एक आजारी पडला तर दुसरा असतो. घरात एखादी बाई किंवा एखादा पुरुष आपले सारे काम सांभाळून पूजा करतो. त्याला तळहातावर घेता येईल, ताम्हनात बसेल, प्रवासाला जाताना शेजारघरी सुपूर्द करता येईल अशीच मूर्ती हवी. घरातील मूर्ती ‘चल’ असते, म्हणजे हलविता येते. मंदिरातील ‘अचल’ असते. चल मूर्तीच्या बाबतीत रोज आवाहन-विसर्जन करावे किंवा न करावे, अशी मोकळीकही भागवताच्या त्याच अध्यायात आहे.

अलीकडे दिवाणखान्याच्या शोभेसाठी दोन-दोन हात उंचीच्या मूर्ती घेण्याची प्रथा पडली आहे. त्या शोभेच्या म्हणून ठेवावयाच्या असतील तर निदान पायरीवर, जोड्यांच्या कपाटावर किंवा न्हाणीघराच्या भिंतीला ठेवू नयेत. त्यांची प्राणप्रतिष्ठाही करू नये. प्रतिष्ठा म्हणजे पाहुण्याला घरी बोलावणे. बोलावल्यावर त्याला उपाशी ठेवता येत नाही.

संख्येचा नियम आणि ‘उद्वेग’

काशीच्या कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२) आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांचा धर्मसिंधु (१७९०) हे ग्रंथ महाराष्ट्रातील धर्मव्यवहारात प्रमाण मानले जातात. अशा निबंधग्रंथांतून संख्येचा जो निषेध येतो तो असा: घरात दोन शिवलिंगे, तीन गणपती, तीन शक्ती, दोन सूर्य, दोन शंख, दोन शाळिग्राम आणि दोन द्वारकाचक्रे पूजेत ठेवू नयेत.

हे वचन ऐकून लोक घाबरतात. परंतु तेथे फळ काय सांगितले आहे ते पाहिले पाहिजे. कुलनाश, दारिद्र्य, मृत्यू यांपैकी काहीही तेथे नाही. तेथे शब्द आहे ‘उद्वेग’. गृहस्थाला उद्वेग प्राप्त होतो, एवढेच. आणि हा उद्वेग कोणता, हे भोपाळच्या त्या कुटुंबाने अनुभविलेच होते. एका रूपाच्या अनेक मूर्ती झाल्या म्हणजे चित्त एकाग्र होत नाही. एकीला फूल वाहिले, दुसरीला राहिले. हिच्यावर अभिषेक झाला, ती कोरडी राहिली. पूजा संपते आणि मन मात्र अस्वस्थ राहते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात (श्लोक १५) भगवंतांना प्रिय असलेल्या भक्ताचे लक्षण सांगताना हाच उद्वेग आला आहे. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो भगवंतांना प्रिय. ज्या देवघरामुळे घरात भांडण होते, भावाभावांत अबोला पडतो आणि सूनबाई धास्तावते, त्या देवघरात मूर्ती कितीही असोत, गीतेची शिकवण तेथे पोहोचलेली नाही. म्हणून संख्येचा नियम पाळावा तो शांतीसाठी. तो पाळण्याच्या नादात नवा उद्वेग निर्माण करू नये. चुकून तीन गणपती घरात राहिले म्हणून कोणाचे अनिष्ट होत नाही. सोयीने, आदराने व्यवस्था करावी.

पंचायतनाची सुंदर व्यवस्था

थोडक्यात सर्व देवांची पूजा व्हावी यासाठी स्मार्त परंपरेने पंचायतन दिले. श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी ते रूढ केले असे परंपरा मानते. विष्णू, शिव, देवी, गणपती आणि सूर्य ही पाच दैवते. जे आपले इष्टदैवत ते मध्ये, बाकीची चार चार कोपऱ्यांत. अशा रीतीने वैष्णव, शैव, शाक्त, गाणपत्य आणि सौर हे सर्व एकाच ताम्हनात नांदतात, आणि आपले दैवत मोठे मानताना दुसऱ्याचे लहान करावे लागत नाही.

मांडणीचा क्रम ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य असा धरावा. विष्णुपंचायतनात मध्ये विष्णू, आणि या क्रमाने शिव, गणपती, सूर्य, देवी. शिवपंचायतनात मध्ये शिव, आणि विष्णू, सूर्य, गणपती, देवी. देवीपंचायतनात विष्णू, शिव, गणपती, सूर्य. गणेशपंचायतनात विष्णू, शिव, सूर्य, देवी. सूर्यपंचायतनात शिव, गणपती, विष्णू, देवी.

या पंचायतनाचे एक नैसर्गिक रूपही आहे. त्यात मूर्तींऐवजी पाच शिला असतात. विष्णूसाठी नेपाळातील गंडकी नदीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतील बाणलिंग, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा दगड, देवीसाठी आंध्रातील सुवर्णमुखी नदीची शिला आणि सूर्यासाठी स्फटिक. हिमालयापासून दक्षिणेपर्यंतचा देश एका तळहातावर मावतो! शाळिग्राम म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्याच्या कवचाचा अश्मीभूत अवशेष होय, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. जेथे आज हिमालय आहे तेथे एके काळी समुद्र होता, याची ती साक्ष आहे. हे ज्ञान श्रद्धेला बाधक नाही. क्षीरसागरी शयन करणाऱ्या देवाचे चिन्ह समुद्राच्या पोटातून यावे, यात भक्ताला आनंदच वाटेल.

शाळिग्राम आणि बाणलिंग यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, त्यांत देवाचे सान्निध्य स्वयंसिद्ध मानले आहे. ज्या घरी विधीची फारशी सोय नाही त्या घराला ही दोन चिन्हे म्हणूनच सोयीची. एक शाळिग्राम, एक बाणलिंग, एक तुळशीचे पान, एक बेलाचे पान आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर हरिहरांची पूजा होते.

कुलाचार आणि इष्टदेवता

पंचायतनाबरोबर कुलदेवतेला देवघरात स्थान असते. महाराष्ट्रात तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा यांचे चांदीचे टाक पूजेत असतात. गोमंतकीय घरांत मंगेश, शांतादुर्गा यांची उपासना चालते. मिथिलेत गोसाउनीचे स्वतंत्र घर असते. तमिळ व मलयाळी कुटुंबांत उभा दिवा हाच देवघराचा प्राण असतो. ज्याच्या कुळात जे चालत आले आहे ते त्याने मोडू नये, आणि दुसऱ्याच्या कुळातले पाहून हौसेने उचलूही नये. भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, तर मूळ टाक एका घरी ठेवून दुसऱ्याने नवे टाक करून घ्यावेत. टाकांची वाटणी करून कुलदेवता एका घरी आणि कुलदैवत दुसऱ्या घरी, असे करू नये.

इष्टदेवता ही मनाची निवड आहे. बालकावर वात्सल्य असणाऱ्याने लोण्याचा गोळा हाती घेतलेला रांगता बाळकृष्ण घ्यावा. मर्यादेवर प्रेम असणाऱ्याने श्रीराम, वैराग्यावर असणाऱ्याने दत्त किंवा शिव. घरासाठी शांत, प्रसन्न, अभयवरद मुद्रेची मूर्ती निवडावी असा शिष्टसंप्रदाय आहे. उग्र रूपाचे दर्शन मंदिरात घ्यावे. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, अशी महाराष्ट्रात रूढी आहे. मुंबईतील प्रभादेवीचा सिद्धिविनायक व अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचे आहेत. या रूढीचे तात्पर्यही हेच की, कडक नियम पाळण्याचे सामर्थ्य नसेल त्याने साधी मूर्ती घ्यावी. गणपती दोन्हीकडे एकच आहे.

मूर्ती घेताना काय पाहावे?

मूर्ती अखंड असावी. नाक, डोळे, बोटे, आयुधे स्पष्ट व पूर्ण असावीत. मुख प्रसन्न असावे, कारण रोज सकाळी प्रथम दर्शन त्याचेच होणार. बैठक रुंद असावी, म्हणजे ताम्हनात पाणी ओतताना मूर्ती कलंडत नाही. धातूची मूर्ती भरीव ओतलेली असावी. पोकळ मूर्तीत पाणी साचते आणि आतून हिरवी कीट धरते. रंग किंवा चकाकीचा मुलामा दिलेली मूर्ती अभिषेकाला घेऊ नये, थोड्याच दिवसांत मुलामा उडतो आणि मूर्ती विरूप दिसू लागते. पितळ-तांब्याच्या मूर्ती चिंच किंवा लिंबाने हलक्या हाताने उजळाव्यात. चांदीला फार घासू नये, टाकांवरील मुखे त्याने लवकर झिजतात.

संगमरवराविषयी एक सूचना. संगमरवर हा चुन्याच्या जातीचा दगड असल्याने आंबट पदार्थांनी तो खाल्ला जातो. दह्याचा व लिंबाचा स्पर्श त्याला सोसत नाही. म्हणून संगमरवरी मूर्तीवर रोज पंचामृत घालू नये, स्वच्छ पाण्याने ओल्या वस्त्राने पुसावी.

मूर्तीचे मोल फार असावे असे नाही. कर्ज काढून चांदीची मूर्ती घेण्यापेक्षा कमाईच्या पैशांतून घेतलेली पितळेची मूर्ती अधिक योग्य. आणि एक गोष्ट निश्चित ठरवावी: नवी मूर्ती घरी आणण्यापूर्वी, पूजा जी व्यक्ती करते तिला विचारावे. घरचा कर्ता यात्रेहून हौसेने मूर्ती आणतो आणि तिची सेवा मात्र आयुष्यभर त्याच्या पत्नीला किंवा आईला करावी लागते, हे न्याय्य नव्हे.

भग्न व जीर्ण मूर्ती

अवयव तुटलेली मूर्ती पूजेत ठेवू नये. शाळिग्राम मात्र याला अपवाद आहे. तो खंडित झाला तरी पूज्यच राहतो. भग्न मूर्तींविषयी अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात स्पष्ट व्यवस्था आहे: लाकडाची असेल ती अग्नीला द्यावी, पाषाणाची असेल ती पाण्यात सोडावी, धातूची किंवा रत्नाची खोल पाण्यात किंवा समुद्रात सोडावी. धातूच्या बाबतीत ओताऱ्याकडून ती आटवून त्याच धातूची नवी मूर्ती करून घेणे हाही शिष्टसंमत व्यवहार आहे, आणि आजच्या काळी तो अधिक बरा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या रंगीत मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत, त्या नदी दूषित करतात. तेव्हा घेतानाच मातीची मूर्ती घ्यावी, म्हणजे पुढचा प्रश्न उरत नाही. पिंपळाच्या पारावर किंवा रस्त्याच्या कडेला जुने देव आणून ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून दिली पाहिजे. ते विसर्जनही नव्हे आणि दानही नव्हे, तो केवळ त्याग आहे. मूर्ती काढण्यापूर्वी तिची एकदा यथासांग पूजा करावी, सेवेतील न्यूनाबद्दल क्षमा मागावी आणि अक्षता वाहून तिला निरोप द्यावा. अखंड मूर्तीचे विसर्जन करण्याची गरज नाही. जेथे तिची सेवा होईल अशा घरी ती आदराने द्यावी.

त्या घरी पुढे काय झाले?

गुरुजींच्या प्रश्नाला थोरल्या मुलाने खरे उत्तर दिले, “रोज वीस मिनिटे, गुरुजी. त्याहून अधिक नाही.” गुरुजी म्हणाले, “मग वीस मिनिटांचे देव ठेवा. पण ती वीस मिनिटे देवाचीच असू द्या.” दोघे भाऊ, दोघी जावा आणि धाकटी बहीण यांना एकत्र बसवून त्यांनी एकेक मूर्ती पुढे घेतली.

एक गणपती, एक बाणलिंग, एक शाळिग्राम, चार टाक, वडील वारी करीत म्हणून विठ्ठल-रुक्मिणीची जोडी, आणि थोरल्या सूनबाईंची माहेरची अन्नपूर्णा व बाळकृष्ण, असे अकरा देव त्या घरी राहिले. शंख एकच राहिला. धाकट्या भावाकडे तोवर मोठी तसबीर तेवढी होती. त्याला एक गणपती, एक शाळिग्राम, दुसरा शंख, दत्त व मारुती दिले, आणि नवे टाक करून घ्यावयास सांगितले. आईची अन्नपूर्णाही त्याच्याच घरी गेली. दुसरे लिंग तडकलेले होते, ते पूजा करून नर्मदेच्या खोल पाण्यात सोडले. उरलेल्या तीन गणपतींपैकी एकाची सोंड तुटली होती, तो ओताऱ्याकडे गेला. दोन शोभेचे होते. त्यांची प्रतिष्ठा कधी झालीच नव्हती, ते पूजेतून काढून दिवाणखान्यात उंच जागी ठेवले. पुरीची त्रयी त्याच इमारतीतील एका ओडिया कुटुंबाने हर्षाने घेतली. त्यांच्या घरी आता रथयात्रेला तिची पूजा होते.

आजेसासूबाईंच्या अन्नपूर्णेच्या हातची पळी मोडून पडली होती. धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी ठरले होते. ती जुनी अन्नपूर्णा आटवून त्याच पितळेची नवी अन्नपूर्णा ओतवून घेतली, आणि ती नवरीबरोबर सासरी गेली. आजेसासूबाईंचा बाळकृष्ण बहिणीने मागून घेतला.

राहिला तो आईचा चांदीचा बाळकृष्ण. त्यावर दोघांचा जीव होता. गुरुजींनी कोणाचा हक्क किती, हे विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, “ज्या घरी याला रोज लोणी-साखर मिळेल, त्या घरी हा जाईल.” थोरली सूनबाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या घरी एक बाळकृष्ण आहेच, गुरुजी. याला भाऊजींकडे जाऊ द्या. त्यांचा धाकटा मुलगा रोज त्याला दूध दाखवितो म्हणून हट्ट धरून बसला आहे.” अबोला तेथे संपला. ती मूर्ती दीराच्या हाती देताना तिचे डोळे भरून आले होते, पण मनात उद्वेग नव्हता.

श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात (अध्याय २९) भगवान कपिल आपल्या मातेला सांगतात की, सर्व भूतांच्या ठायी असलेल्या ईश्वराची उपेक्षा करून जो केवळ मूर्तीची पूजा करतो, तो राखेत आहुती देतो. भावाशी अबोला धरून आईच्या देवाला फुले वाहणे ही तशीच आहुती झाली असती. त्या दिवशी दोन्ही घरची आहुती पेटत्या अग्नीत पडली.

सारांश

गृहस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. जितक्यांची नित्य सेवा होईल तितकेच देव पूजेत ठेवावेत.
२. मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतची, अखंड व प्रसन्न असावी.
३. एका दैवताची एकच मूर्ती पुरे. संख्येचा निषेध शांतीसाठी आहे, भयासाठी नाही.
४. इष्टदेवता मध्ये, इतर तिच्या भोवती, आणि कुलदेवतेला तिचे स्थान असावे.
५. रोज अभिषेक होणार नसेल तर चित्र ठेवावे, ते न्यून नव्हे.
६. भग्न मूर्तीचा विधिपूर्वक निरोप घ्यावा. अखंड मूर्ती सेवा करणाऱ्या घरी द्यावी. रस्त्यावर कोणतीही ठेवू नये.
७. देवांवरून घरात कलह होऊ देऊ नये.

ज्या घरी आज सकाळी पूजा घाईत झाली असेल, त्या घरी उद्या निदान एका मूर्तीला सावकाश स्नान घालून, तिचे मुख पुसून, एक फूल वाहून क्षणभर तिच्याकडे पाहत बसावे. बाकीच्या देवांची व्यवस्था कशी लावावी हे त्या एका क्षणात पुष्कळसे कळून येईल. देवघर मोठे असणे सर्वांच्या हाती नाही. ते शांत असणे मात्र प्रत्येक गृहस्थाच्या हाती आहे.